स्पर्धेत हरणाऱ्याचा मान राखायचा, म्हणजे नेमकं काय करायचं?

आडवाट (धागाकर्ता)

“आदर मागून मिळत नाही, कमवावा लागतो.” जिथे चुरस आहे तिथे हे वाक्य हमखास ऐकू येतं: भरतीत, बढतीत, निकालाच्या फलकापुढे. वाक्य अर्धं खरं आहे आणि घोळ त्या अर्धेपणातच आहे.

‘आदर’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी नांदतात. स्टीफन डार्वल या तत्त्वज्ञाने १९७७ साली त्यांची फोड केली. समोरचा माणूस आहे, एवढ्याच कारणाने त्याला हिशेबात धरून वागणं ही एक. त्याने काही चांगलं केलं म्हणून त्याच्याबद्दल मत चांगलं होणं ही दुसरी. या धाग्यापुरतं पहिलीला ‘मान’ म्हणू, दुसरीला ‘कौतुक’. कौतुक कमवावं लागतं, ते कमीजास्त होतं, उद्या संपूही शकतं. मानाचं तसं नाही. तो जन्मासोबत येतो. तो तुडवता येतो, पण रद्द करता येत नाही.

स्पर्धेचं काम कौतुक वाटायचं. घोटाळा होतो तो त्याच तराजूत मानही तोलला जातो म्हणून. पहिल्या आलेल्याची तक्रार शांतपणे ऐकली जाते आणि तीच तक्रार शेवटून दुसऱ्याने केली तर त्याचं वाक्य मध्येच तोडलं जातं.

१९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पहिल्याच कलमात ‘प्रतिष्ठा’ हा शब्द आहे. मसुद्यात इंग्रजीत फक्त पुरुष असाही अर्थ निघेल असा शब्द होता. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी आग्रह धरून तो बदलून घेतला, म्हणून आज तिथे ‘सर्व माणसं’ असं वाचायला मिळतं. ‘गुणवत्तेनुसार’ अशी पुरवणी त्या कलमाला नाही.

पण जाहीरनामा भिंतीवर टांगून काही होत नाही. चर्चा हवी आहे ती कार्यपद्धतीची. मान कुठल्या टप्प्यावर मोडतो आणि तिथे काय बदलता येतं? ‘माणसाने नम्र असावं’ छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. स्वभावाला औषध नाही, पण छापील फॉर्मला आहे.

---

टोकदार_पेन्सिल

भरतीपासून सुरुवात करू, कारण तिथे एकाला ‘हो’ म्हणताना शंभरांना ‘नाही’ म्हणावं लागतं. त्या शंभरांशी कसं वागायचं हे ठरवलेलं नसतं. सगळी तयारी त्या एकासाठी असते.

अर्ज आला की त्याच दिवशी पोच द्यावी आणि पोचेत निर्णयाची तारीख असावी. ‘लवकरच कळवू’ ही तारीख नव्हे. तारीख हुकणार असेल तर ती उलटायच्या आत कळवावं. नंतर कळवलं तर तो खुलासा होतो, आणि मधल्या काळात माणूस रोज फोन तपासत बसलेला असतो.

नकाराची लांबी उमेदवाराने दिलेल्या वेळेच्या प्रमाणात ठेवावी. कागदावरच गळलेल्याला दोन ओळी पुरतात. मुलाखतीला येऊन गेलेल्याला त्याचं नाव, पदाचं नाव आणि जाहिरातीतल्या एखाद्या निकषाशी जोडलेलं एक कारण द्यावं. तीन फेऱ्या दिलेल्या माणसाला आधी फोन, मग लेखी. हे उलट करू नये.

आता कारण. ‘अधिक योग्य उमेदवार मिळाला’ हे कारण नाही, तो निकालच वेगळ्या शब्दांत सांगितला. ‘या कामाचा तीन वर्षांचा अनुभव मागितला होता, तुमच्या अर्जात दीड वर्षाचा दिसतो’ हे कारण. ते तपासता येतं, चुकीचं असेल तर खोडता येतं.

बहुतेक ठिकाणी कारण का दिलं जात नाही? ‘उद्या कोर्टात जाईल’ ही भीती पुढे केली जाते. खरी अडचण अशी की त्या वेळी कारण कोणी लिहूनच ठेवलेलं नसतं. उपाय सोपा आहे. मुलाखत संपल्यावर पंधरा मिनिटांत प्रत्येक परीक्षकाने आपला गुणतक्ता एकट्याने भरायचा, एकमेकांशी एक शब्दही न बोलता. बोलणं आधी झालं की सगळे तक्ते साहेबांच्या मताकडे झुकतात. तक्ते भरलेले असले की नकारपत्राचं कारण त्यातून आयतं मिळतं.

आणखी एक. ‘या पत्त्यावर उत्तर पाठवू नये’ असं लिहिलेल्या पत्त्यावरून नकार धाडू नका. दार लावून घेतल्यावर आतून कडी वाजवण्यातला प्रकार आहे तो.

---

चौकट_राजा

असहमत. ही सगळी साखरपेरणी आहे. नोकरी मिळाली नाही ती नाहीच मिळाली. कारण दोन ओळींत कळलं काय, चार ओळींत कळलं काय, त्याच्या हाताला काय लागलं? स्पर्धा आहे म्हणजे कोणीतरी हरणारच.

---

आडवाट

@चौकट_राजा, हा आक्षेप तपासून झालेला आहे. वेर्नर ग्यूट आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली जर्मनीत एक साधा खेळ मांडला. एकाच्या हाती रक्कम द्यायची. त्याने दुसऱ्याला किती हिस्सा द्यायचा ते ठरवायचं. दुसरा ‘हो’ म्हणाला तर तसं वाटप, ‘नाही’ म्हणाला तर दोघांनाही काही नाही. निव्वळ हिशेबाने शंभरातला एक रुपयाही घ्यायला हवा, शून्यापेक्षा तो बरा. पुढे हा खेळ अनेक ठिकाणी खेळून पाहिला गेला. पाचव्या हिश्श्याखालची देणगी साधारण निम्म्या वेळा धुडकावली जाते. पदरचं घालवून माणूस ‘नको’ म्हणतो.

आता मेख पाहा. तोच तुटपुंजा हिस्सा माणसाने न ठरवता यंत्राने चिठ्ठी काढून ठरवला, असं सांगितलं की तो स्वीकारायला लोक जास्त तयार होतात. आकडा तोच. म्हणजे रुततं ते कमी मिळाल्याचं नाही, ‘याला एवढ्यावर गुंडाळता येईल’ असं कोणीतरी आपल्याबद्दल ठरवल्याचं. नकारपत्रातलं कारण नेमकं तिथे काम करतं. हार कायम राहते, गुंडाळलं जाणं टळतं.

---

सम_विषम

क्रमवारीचं गणित मांडतो, कारण मान मोडण्याचं यंत्र बऱ्याचदा त्या कोष्टकातच दडलेलं असतं.

जॅक वेल्च यांच्या काळात जनरल इलेक्ट्रिकमध्ये २०-७०-१० ची पद्धत होती: वरचे वीस टक्के, मधले सत्तर, तळाचे दहा, आणि तळाच्यांना निरोप. अनेक कंपन्यांनी ती उचलली. मायक्रोसॉफ्टने आपल्याकडची सक्तीची क्रमवारी नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद केली.

सात जणांचा चमू घ्या. दहा टक्के म्हणजे ०.७ माणूस. ०.७ माणूस काढता येत नाही, म्हणून एक काढायचा. झाले चौदा टक्के! सातही जण उत्तम काम करत असले तरी एकाला ‘तळाचा’ हा शिक्का मारावाच लागतो आणि मग वर्षअखेरीस त्याच्या चुका शोधल्या जातात. शिक्का आधी, पुरावा नंतर. पुढचं ओघाने येतं. तरबेज माणसं तरबेज चमूत जायचं टाळतात, कारण तिथे तळ गाठायची भीती जास्त. शेजाऱ्याला मदत करणं तोट्याचं होतं. आणि नवीन माणूस मुद्दाम घेतला जातो, वर्षभराने बळी द्यायला सोयीचा म्हणून.

दुसरी खोट मोजमापाची. तोच परीक्षक तोच पेपर महिन्याने पुन्हा तपासताना शंभरात पाच गुणांनी हलत असेल, तर ७१ आणि ७३ मधला फरक विद्यार्थ्यांतला नाही, परीक्षकाच्या पेनातला आहे. त्यावर सतरावा आणि एकतिसावा असे क्रमांक लावणं म्हणजे अंदाजाला अचूकतेचा मुलामा. अशा वेळी गट करावेत, आणि गटाची रुंदी मोजमापातल्या चुकीपेक्षा मोठी असावी.

जागा मोजक्या असतील तर क्रम लावावाच लागतो, मान्य. मग फलकावर शेवटच्या निवडलेल्याचे गुण आणि एकूण संख्या लावा. प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक स्वतःपुरता पाहता येऊ द्या. वरची दोन-चार नावं हवी तर त्यांना विचारून लावा. गुणांनुसार उतरती लावलेली पूर्ण यादी, नावांसकट, चारचौघांत टांगायचं कारण आजवर कोणी नीट सांगितलेलं नाही. शेवटच्या नावाला त्या फलकाचा उपयोग काय?

---

पायरी_क्र_३

सम_विषम यांना जोड. क्रमवारीतली जागा शरीरातही उतरते. मायकेल मार्मट यांचं नाव ज्याच्याशी जोडलेलं आहे तो व्हाइटहॉलचा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला: लंडनमधले सुमारे अठरा हजार पुरुष सरकारी कर्मचारी. यात उपाशी कोणी नव्हतं, बेघर कोणी नव्हतं, सगळे कायम नोकरीत. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्या निरोप्या-द्वारपालांचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाला. धूम्रपान, रक्तदाब वगैरे वजा केल्यावरही फरक पुरता जाईना. आणि पायरी प्रत्येक ठिकाणी दिसली: दुसऱ्या श्रेणीचे पहिलीपेक्षा वाईट, तिसरीचे दुसरीपेक्षा.

१९८५ पासूनच्या दुसऱ्या अभ्यासात हृदयविकाराशी ठळकपणे जोडलेली एक गोष्ट सापडली: स्वतःच्या कामावर स्वतःचा ताबा नसणं. काम किती, यापेक्षा ते कधी, कोणत्या क्रमाने करायचं हे ठरवता येतं का.

त्यामुळे ‘मान द्या’ याचं एक बिनखर्चाचं भाषांतर असं: काम ठरवून द्या, क्रम त्याच्यावर सोडा. पाळीचं वेळापत्रक दोन आठवडे आधी लावा आणि आपापसांत अदलाबदल करायची मुभा ठेवा. लघवीला जायला परवानगी घ्यावी लागते अशी व्यवस्था असेल, तर भिंतीवर ‘कर्मचारी हेच आमचं धन’ लिहू नका.

---

दुसरी_पाळी

शहरातला मान जातो तो बहुतेक वेळा दुष्टपणामुळे नाही, घाईमुळे. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांचा १९७३चा प्रयोग प्रसिद्ध आहे. धर्मशास्त्राचे विद्यार्थी एका इमारतीतून दुसरीत चालले होते आणि वाटेत एक माणूस विव्हळत पडलेला. ज्यांना सवड होती त्यांतले ६३ टक्के थांबले, थोडी घाई असलेल्यांतले ४५ टक्के, ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलेल्यांतले १० टक्के. काही जण तर परोपकारावरच भाषण द्यायला निघाले होते. भाषणाच्या विषयाने फारसा फरक पडला नाही, घड्याळाने पडला.

म्हणून खिडकीवरच्या माणसाला ‘सौजन्याने वागा’चं प्रशिक्षण द्यायच्या आधी त्याला एका माणसामागे किती मिनिटं दिली आहेत ते बघा. कामाला सहा मिनिटं लागत असतील आणि रांगेचा हिशेब चार मिनिटांनी लावला असेल, तर ती दोन मिनिटं तो रांगेतल्या माणसाच्या मानातूनच कापणार. दुसरीकडून कापायला त्याच्याकडे काही नाही.

तीच खिडकी जवळून बघा. काच, काचेला एक गोल भोक. भोक बसलेल्या कारकुनाच्या तोंडाच्या उंचीवर, पण समोरचा उभा. त्यामुळे बोलणारा प्रत्येक जण कमरेत वाकतो, मान तिरकी करतो आणि आपलं खासगी दुखणं मोठ्याने सांगतो, कारण आवाज भोकातून नीट जात नाही. मागचे आठ जण ऐकतात. हे कोणी अपमान करायचा म्हणून बांधलेलं नाही. एकाच बाजूचा विचार करून बांधलं, एवढंच. दोन्ही बाजूंना खुर्ची द्या, किंवा आतली जमीन उचलून दोघांचे डोळे एका रेषेत आणा. एक खिडकी तरी चाकाच्या खुर्चीवरून हात पोचेल इतकी खाली, साधारण ७५ ते ८५ सेंमी, आणि खाली गुडघे जातील अशी मोकळी जागा. रांगेची रेघ खिडकीपासून दीड-दोन मीटर मागे आखा, म्हणजे ऐकू जाणार नाही.

वस्तूसुद्धा उद्धट असतात. लंडनच्या कॅम्डन भागात २०१२ मध्ये काँक्रीटचं असं बाक बसवलं की त्यावर आडवं होता येऊ नये. बाक बघितलं की कळतं कोणाला नको म्हटलंय. उलट दिशेचं उदाहरणही आहे: न्यूयॉर्क शहराने कायदा केला आणि २०२२ पासून, रेस्टॉरंटमधून जेवण उचलायला येणाऱ्या पोचवणाऱ्यांना तिथलं स्वच्छतागृह वापरू देणं बंधनकारक झालं. कायदा करावा लागला, यातच काय ते आलं.

---

अहोजाहो

भाषेचं कोणी बोललं नाही म्हणून. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० मध्ये युरोपातल्या भाषांमधल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’चा अभ्यास मांडला. त्याचं सार आपल्यालाही लागू पडतं: दोन्हीकडून ‘तू’ असेल तर जवळीक, दोन्हीकडून ‘तुम्ही’ असेल तर अंतर, पण एकीकडून ‘तू’ आणि दुसरीकडून ‘तुम्ही’ असेल तर ती सत्ता. अरे-तुरे वाईट नाही, एकेरी वाहतूक वाईट. वयाने मोठ्याने केलेलं अरे-तुरे आपण सोडून देतो, पण पंचविशीतला व्यवस्थापक पन्नाशीच्या सफाई कामगाराला ‘ए, इकडे ये’ म्हणतो तेव्हा वयाचा आधार नसतो. तिथे फक्त पगार बोलत असतो.

कचेरीसाठी नियम एका ओळीचा पुरतो: ज्या रूपात हाक मारतो त्याच रूपात मारून घ्यायची तयारी हवी. आणि हाक नावाने. ‘सिक्युरिटी’, ‘हाउसकीपिंग’, ‘बेड नंबर बारा’ ही नावं नव्हेत. नाव अवघड असेल तर एकदा विचारा, आपल्या लिपीत लिहून ठेवा. तिसऱ्यांदाही चुकीचं उच्चारलं तर ती अडचण जिभेची राहत नाही.

अवांतर: ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे वाक्य चाळीस मिनिटं ऐकवण्यापेक्षा ‘तुमच्या पुढे सतरा जण आहेत’ हे एकदा सांगणं जास्त सभ्य. ‘आपला’ नाही म्हटलं तरी चालेल.

---

काळी_पेटी

यंत्राने निवडलं तर मनाला कमी लागतं, असं वर आडवाट म्हणाले. चिठ्ठीपुरतं खरं. पण गुण देणारं यंत्र चिठ्ठी काढत नाही. ते न्याय करतं आणि तोंड दाखवत नाही.

ग्राहक कामगाराला देतात त्या ताऱ्यांचं मूल्यांकन घ्या. दहा जणांनी पाच-पाच तारे दिले, अकराव्याने चिडून एक. सरासरी ४.६४. कापणीची रेषा ४.७ वर ठेवली असेल तर एका माणसाच्या वाईट दिवसाने दुसऱ्याचं काम गेलं. शिवाय ग्राहकाच्या मनात चार तारे म्हणजे ‘छान’, प्रणालीच्या हिशेबात ‘धोक्यात’. दोघं एकच पट्टी वापरतात असं गृहीत धरणं ही चूक. किमान तीसेक मतं जमेपर्यंत परिणाम लावू नये. सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे सगळी मतं क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घ्यावा. तीन किंवा कमी ताऱ्यांना कारण निवडणं सक्तीचं करावं आणि पाऊस, रहदारी, वस्तूच सदोष अशी कारणं कामगाराच्या खात्यातून वगळावीत.

युरोपीय संघाचा माहिती-संरक्षण कायदा मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या २२व्या कलमानुसार, मोठा परिणाम करणारा निर्णय निव्वळ यंत्राने घेतलेला असेल तर त्यापासून संरक्षण आहे. जिथे असा निर्णय चालतो, तिथेही बहुतेक वेळा माणसाकडून तपासणी मागण्याची, आपली बाजू मांडण्याची आणि निर्णयाला आव्हान देण्याची सोय ठेवावी लागते. मानाची याहून कोरडी आणि उपयोगी व्याख्या क्वचितच सापडेल. फक्त एक पाहायचं: ‘तपासणारा’ माणूस दिवसाला तीनशे प्रकरणांवर ‘योग्य’चं बटण दाबत असेल, तर तो यंत्राचाच सुटा भाग झाला. त्याने किती निर्णय फिरवले ते मोजा. आकडा सतत शून्य असेल तर तपासणी नाहीच.

---

चौकट_राजा

बरं, कार्यपद्धतीचा मुद्दा पटतोय. कारण आणि आव्हान यांत दम आहे, साखर नाही. पण रोजचं काय? चूक झालीय, सगळ्यांसमोर झालीय, काम अडलंय. तिथे फॉर्म भरत बसू का?

---

टोकदार_पेन्सिल

सगळ्यांसमोर फक्त काम थांबवा आणि दुरुस्ती सांगा: ‘तिसऱ्या रकान्यात आकडा चुकलाय, पाठवू नका.’ पूर्ण वाक्य एवढंच. चूक कोणाची, का झाली, आधी किती वेळा झाली हे बंद दारामागे, त्याच दिवशी. दुसऱ्या दिवसावर टाकलं की माणूस रात्रभर स्वतःच खटला चालवतो.

आत बोलताना क्रियापद कृतीला लावा, माणसाला नको. ‘तुम्ही निष्काळजी आहात’ यावर कोणी काही करू शकत नाही. ‘आकडा दोनदा ताडून पाहिला नव्हता’ यावर करता येतं. मग आधी त्याचं ऐका. बऱ्याचदा निघतं असं की ताडून पाहायला लागणारी फाइलच त्याला मिळाली नव्हती. ‘कायम’, ‘नेहमीच’, ‘कितीदा सांगायचं’ हे शब्द आले की समजावं, विषय रकान्यावरून माणसावर घसरला.

आणि ते दोन गोड वाक्यांमध्ये एक कडू घालायचं सँडविच सोडा. लोक आता गोड वाक्य ऐकलं की खांदे आक्रसतात.

---

मुकी_घंटा

‘मान सांगावा जनात, अपमान ठेवावा मनात’ असं आपण पिढ्यानपिढ्या सांगत आलो. स्वतःचा आब राखायला ठीक. व्यवस्थेसाठी ही म्हण घातक. मनात ठेवलेल्या अपमानाची नोंद होत नाही, आणि नोंद नाही म्हणजे घडलंच नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९०वा करार (२०१९ चा, जून २०२१ पासून अमलात) इथे उपयोगी आहे. कामाच्या जगातली हिंसा आणि छळ असा त्याचा विषय. त्यात फक्त पगारी कर्मचारी धरलेले नाहीत. शिकाऊ, स्वयंसेवक, कामावरून काढलेले आणि नोकरीसाठी अर्ज करणारेही आहेत. म्हणजे मुलाखतीत केलेला पाणउतारासुद्धा. शिवाय एकदाच घडलेली गोष्टही पुरते, वारंवार घडण्याची अट नाही.

नोंद करताना विशेषणं गाळा. तारीख, वेळ, जागा, हजर कोण, उच्चारलेले शब्द जसेच्या तसे. ‘माझा घोर अपमान केला’ यावर वाद घालता येतो, अवतरणातल्या शब्दांवर घालणं कठीण. नोंद त्याच दिवशीची हवी. तक्रार घेणाऱ्या बाजूने पाहायचं तर तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे तोच पहिला वाचक असेल अशी साखळी आधी तोडा. बाकी सगळं त्यानंतर.

---

चौकट_राजा

आणि मान मोडलाच असेल तर? माफीचं काही शास्त्र?

---

अहोजाहो

आहे. अपमान जितक्या लोकांसमोर झाला, माफी तितक्यांसमोर. बैठकीत झापलं आणि कोपऱ्यात गाठून ‘सॉरी हं’ म्हटलं, तर बाकी नऊ जणांच्या डोक्यात झापणंच शिल्लक राहतं. पण आधी ज्याचा अपमान झाला त्याला विचारा. काहींना तो विषय पुन्हा चारचौघांत निघायला नको असतो, आणि तो निर्णय त्यांचा.

वाक्यात ‘जर’ नको. ‘जर कोणाचं मन दुखावलं असेल तर’ म्हणजे दुखावल्याचाच संशय. काय केलं ते नाव घेऊन सांगायचं: ‘मंगळवारच्या बैठकीत मी तुम्हाला मध्येच तोडलं आणि हसलो. ते चूक होतं.’ कामाचा ताण, झोप, वरून आलेला दबाव ही कारणं त्याने विचारली तर सांगायची. शेवटी उलटवता येण्याजोगं काही उलटवायचं: तोडलेलं म्हणणं पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिलं, त्याच्या नावाने.